अप्पांचा छापा

बेल वाजली म्हणून दार उघडलं, तर अप्पा उभे. हातात कापडी पिशवी, चेहऱ्यावर काळजी.

"मास्तर, तुमच्याकडे कुणाचं काही मोडलंय का?"

म्हटलं, नाही बुवा, देवाच्या दयेनं सगळे धडधाकट आहेत. यावर शेजाऱ्यानं बरं वाटल्याचं दाखवावं की नाही? अप्पांचा चेहरा पार उतरला. "जुनंपुराणंसुद्धा नाही? मुरगळलेला पाय, भरलेली छाती, काहीही चालेल हो. छाती असली तर उत्तमच."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अप्पांना एक्स-रे हवे होते.

छातीचा एक्स-रे म्हणजे १४ बाय १७ इंचांची सलग फिल्म. एवढ्या मापात उभा मोर पिसाऱ्यासकट बसतो. हाताच्या फिल्ममध्ये कमळ, मनगटाच्या फिल्ममध्ये फुलपाखरू. दाताच्या एक्स-रेची मात्र ते चौकशीही करत नाहीत, त्यात फार तर एक टिकली मावेल. ब्लीचच्या पाण्यात फिल्म बुडवून ठेवली की काळा थर बोटानं निघून येतो आणि खाली निळसर, पारदर्शक, ना फाटणारा ना भिजणारा कागद उरतो. जाडी साधारण ०.१८ मिलिमीटर. ब्लेडला लवचीक, ब्रशला कणखर. छापे कापायला याच्यासारखी वस्तू बाजारात विकत मिळत नाही, असं अप्पांचं म्हणणं. दुःख एकच. हल्ली दवाखाने एक्स-रे मोबाइलवर पाठवतात. "लोक पडतात, मोडतात, सगळं करतात," अप्पा उसासा टाकून म्हणाले, "पण हाती काही लागत नाही."

अप्पा आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत तळमजल्याला राहतात. ३४ वर्षं माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपात रंगकामावर होते. डबा वर्कशॉपात येतो, त्याची चाकं, ब्रेक, बाकं, पत्रे सगळं खोलून, तपासून, रंगवून तो बाहेर काढतात, याला त्यांच्या भाषेत पीओएच. मेल-एक्स्प्रेसच्या साध्या डब्याची ही पाळी १८ महिन्यांनी यायची. काम झालं की डब्यावर पांढऱ्या अक्षरांत छापायचं : काम कुठल्या कारखान्यात झालं, कधी झालं आणि परत कधी यायचं. हे शेवटचं म्हणजे वापसी. पत्र्याचा फर्मा टेकवायचा, ब्रश थोपटायचा, फर्मा उचलायचा. तुम्ही-आम्ही डब्यात खिडकी बघतो, चार्जिंगचा पॉइंट बघतो. अप्पा फलाटावर उभ्या गाडीच्या टोकाशी जाऊन वापसी वाचतात आणि तारीख उलटून गेलेली दिसली की गाडीत बसल्यावरही अस्वस्थ असतात.

निवृत्तीनंतर आठवडाभर ते नुसते घरात बसले. आठव्या दिवशी त्यांना दिसलं, की आपल्या घरात एकाही वस्तूवर काही छापलेलं नाही.

सुरुवात स्वयंपाकघरापासून झाली. डब्यांवर 'तूरडाळ', 'हरभरा', 'रवा' आलं, इथवर वहिनींना कौतुक वाटलं. पण खाली बारीक अक्षरांत 'रिकामे वजन २१० ग्रॅम' असंही आलं.

"हे कशाला?"

"वॅगनवर टेअर लिहिलेलं नसेल, तर काट्यावर कसं कळणार आत माल किती आहे?"

"झाकण उघडून," वहिनी म्हणाल्या.

पुढच्या पंधरवड्यात मिक्सर, प्रेशर कुकर, पाण्याचं पिंप आणि छत्र्या यांचं पीओएच उरकलं. पंख्यावर 'वापसी' पडली. घरी आलेल्या पाहुण्याला चहाच्या कपाच्या बुडाशी तारीख दिसे आणि तो बिचारा दूध नासलंय का, हे हुंगून बघे.

या माणसाचा कलाकार झाला तो आमरसामुळे. नातीच्या फिकट पिवळ्या फ्रॉकवर पोटावरच आमरस सांडला. लिंबू झालं, ऊन झालं, टीव्हीवरच्या सगळ्या पावडरी झाल्या, डाग हलेना. अप्पांनी फ्रॉक ताब्यात घेतला, एका वाया गेलेल्या ओएचपी शीटवर कोयरी कापली आणि डागाच्या बरोब्बर डोक्यावर हिरव्या फॅब्रिक रंगानं छापली. मग एकटीच विचित्र दिसते म्हणून घेरावर आणखी सात. मुलगी शाळेच्या गॅदरिंगला तोच फ्रॉक घालून गेली. आठवड्याभरात सोसायटीतल्या पोरांचे डागाळलेले कपडे अप्पांच्या दाराशी लागले. शाईच्या डागावर मासा, हळदीच्या डागावर सूर्य, सायकलच्या ग्रीसवर हत्ती. पोरं तर चुकून नव्हे, मुद्दाम सांडायला लागली. एकाला डायनासोर हवा होता, त्यानं अख्खी सांबाराची वाटी अंगावर घेतली.

मीही त्या वाटेला गेलो होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. मी शाळामास्तर. उमेदीच्या काळात मेणाच्या कागदावर लोखंडी लेखणीनं घटक चाचणीचे पेपर कापलेत, सायक्लोस्टाइलच्या रुळाची शाई दोन्ही कोपरांना लावून घरी आलोय. त्यामुळे पुतणीच्या लग्नात आहेराच्या ६० कापडी पिशव्यांवर 'शुभ विवाह' छापायचं ठरलं, तेव्हा म्हटलं यात काय मोठंसं. मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, अक्षरं काढली, ब्लेड फिरवलं. फर्मा उचलला, तर 'विवाह'मधल्या दोन्ही 'व'ची पोटं टपटप खाली पडली. शिवाय रंग वाहता राहावा म्हणून मी त्यात सढळ हातानं पाणी घातलेलं. पहिल्या पिशवीवर जे उमटलं, त्यात दोन करपलेल्या पुऱ्या होत्या आणि त्यांतून लाल ओघळ खाली चालले होते. शुभ असं त्यात काही उरलं नव्हतं.

अप्पांनी पिशवी उजेडात धरली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मास्तर, पोट धरून ठेवायला कुणी नको का?"

आणि मग त्या माणसानं मला आपल्या लिपीबद्दल जे सांगितलं, ते ३० वर्षं मराठी शिकवून मला ठाऊक नव्हतं. इंग्रजीवाल्याचं तसं बरं असतं. त्याचे ओ, ए, बी, डी असे मोजके गडी पोटवाले. आपल्याकडे 'व', 'ब', 'क' यांची पोटं आहेतच, पण 'प' आणि 'म' यांना वरून शिरोरेघेचं झाकण पडतं आणि तेही बंद होतात. शिरोरेघ सलग कापली की तिच्याखालचं अर्धं अक्षर गळून पडलंच म्हणून समजा. म्हणून प्रत्येक बंद पोटाला बाहेरच्या कागदाशी जोडणारी बारीकशी पट्टी न कापता सोडायची. तिला अप्पा पूल म्हणतात. पूल फार बारीक झाला तर तिसऱ्या पिशवीला तुटतो, फार रुंद झाला तर अक्षर लंगडतं. "गव्हाच्या दाण्याएवढा," ते म्हणाले आणि खरंच डब्यातून गव्हाचा दाणा आणून 'व'च्या कडेला ठेवला. डबा हरभऱ्याचा निघाला म्हणून आधी थोडी शोधाशोध झाली, ते सोडा.

मग ते छापायला बसले. ते बघण्यासारखं असतं. नव्या पिशव्या आधी धुऊन खळ काढलेली. पिशवीच्या पोटात पुठ्ठा, नाहीतर रंग झिरपून मागच्या बाजूला आरशातला विवाह उमटतो. फर्मा चारही कडांनी चिकटपट्टीनं बसवलेला. आखूड, चपट्या तोंडाचा ब्रश रंगात जेमतेम टेकवायचा आणि आधी रद्दी पेपरावर थोपटत राहायचं, इतकं की ब्रशात रंग आहे की नाही अशी शंका यावी. मग कापडावर उभा धरून टप, टप, टप. घासायचं नाही, ओढायचं नाही, कडेकडून आत यायचं. बाळाला झोपवताना आई पाठीवर थोपटते ना, तोच वेग. तेवढा वेळ अप्पा श्वासही बेतानं घेतात. मग डाव्या हातानं फर्मा सरळ वर उचलायचा, तिरका नाही. खाली अक्षरं ताजी, काठ ब्लेडसारखे. दिवसभर वाळल्यावर उलट बाजूनं इस्त्री, म्हणजे पुढे धुतलं तरी रंग पक्का.

६० पिशव्या झाल्या. वहिनी चहा घेऊन आल्या, पिशव्यांकडे बघत उभ्या राहिल्या आणि बारीक ब्रश घेऊन पुलांच्या जागी राहिलेल्या फटी भरायला लागल्या. अप्पा किंचाळलेच.

"फट बुजवू नकोस! हातानं लिहिल्यासारखं दिसेल!"

"मग बिघडलं काय?"

"हातानं काय, कुणीही लिहील!"

यावर वहिनी काही बोलल्या नाहीत, फक्त माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात ४१ वर्षांचा संसार होता.

वहिनींचं स्वतःचंही एक अंग आहे. आमच्या लहानपणी भरतकामवाल्या बायका ट्रेसिंग पेपरावर नक्षी काढून तिला सुईनं भोकं पाडायच्या, कापडावर ठेवून रॉकेलात कालवलेली नीळ कापसाच्या बोळ्यानं फिरवायच्या, की ठिपक्यांची नक्षी खाली उतरायची. वहिनींकडे अशा कागदांची गुंडाळी अजून आहे, कडा रॉकेलानं तेलकट झालेल्या. अप्पा फुशारकीनं नवा छापा दाखवायला गेले, की त्या शांतपणे म्हणतात, "छान. याला पूल लागतात, नाही का? आमच्याला लागत नव्हते." रेल्वेच्या माणसाला पुलावरून बोलणं म्हणजे काय, ते रेल्वेचा माणूसच जाणे.

दोघं मथुरा-वृंदावनच्या यात्रेला गेली, तेव्हाची गोष्ट वहिनी रंगवून सांगतात. पितृपक्षात तिथल्या मंदिरांत सांझी घालतात. बारीक कापलेल्या कागदाच्या फर्म्यांतून रंग चाळून जमिनीवर अख्खी कृष्णलीला, झाडं, गाई, माकडं, यमुनेचं पाणी. सगळी यात्रा दर्शनाच्या रांगेत, आणि अप्पा सांझीचे कागद विकणाऱ्याच्या दुकानात तास झाला तरी बाहेर येईनात. वहिनी शोधत गेल्या तर ते भिंग लावून राधेच्या कमरेकडे बघत होते. पूल किती मिलिमीटरचा आहे, ते मोजत होते.

२०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि सोसायटीच्या गणपतीपुढे मखराचा प्रश्न उभा राहिला. अप्पांनी जुन्या चादरी मागितल्या. १० दिवस त्यांच्या घरी कुणाला जेवायला बोलावलेलं नसताना टेबल रिकामं नव्हतं. शेवटी जो पडदा टांगला, तो बघून सेक्रेटरीसुद्धा गप्प झाले. गर्द निळ्यावर सोनेरी कमळं, खाली हत्तींची रांग, एकाची सोंड दुसऱ्याच्या शेपटीला. जवळ जाऊन पाहिलं तर उजव्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत : वापसी २३/०९. कमिटीची तातडीची बैठक भरली. देवाच्या मखरावर हे काय, असा सूर निघाला. अप्पा उभे राहिले. म्हणाले, "अनंत चतुर्दशी कधी आहे?" कॅलेंडर पाहिलं. २३ सप्टेंबर. बैठक बरखास्त झाली.

अप्पांच्या हॉलच्या भिंतीवरच्या वेलीबद्दल फार लिहीत नाही. ती सगळ्या भिंतींवरून फिरवून सुरुवातीला जुळवायची, म्हणजे शेवटचं पान नेमकं पहिल्या पानाला भेटतं, असं गणित होतं. बिल्डरनं कोपरे काटकोनात बांधलेले नसतात, हे गणितात धरायचं राहिलं. अर्ध्या पानाचा फरक पडला. तिथे आता कपाट आहे.

गेल्या पावसाळ्यात जिन्यात माझा पाय घसरला. डावा गुडघा. आमच्या जुन्या डॉक्टरांकडे तेव्हा अजून फिल्म मिळायची. अप्पा दुसऱ्याच दिवशी मोसंबी घेऊन आले. तब्येतीची चौकशी माझ्याशी केली, पण बोलणं सगळं एक्स-रेच्या पाकिटाकडे बघून. "दुखतं का फार?" पाकिटाला. "विश्रांती घ्या," पाकिटाला. मला माणसाची दया आली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्याकडे काहीतरी मोडलं होतं. दिलं.

काही महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, जुना एक्स-रे आणा, शेजारी ठेवून बघू. अप्पांकडे गेलो. फिल्म खिळ्याला टांगलेली, लख्ख धुतलेली, गुडघ्याचा मागमूस नाही आणि मधोमध मोर. अप्पांनी आतून उशीचा अभ्रा आणून माझ्या हातात ठेवला. "हाही घेऊन जा. त्याच गुडघ्याचा आहे."

मी फिल्म नेली. डॉक्टरांनी सवयीनं ती दिव्याच्या काचेवर लावली. मोर उजळला. ते चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "सूज दिसत नाही." आणि नवा एक्स-रे काढायला लावला. आता त्यांच्याकडेही तो मोबाइलवरच येतो. अप्पांना दाखवला तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं.

त्याच संध्याकाळी ते माझी काळी नी-कॅप घेऊन गेले आणि दोन दिवसांनी परत आणून दिली. पांढऱ्या अक्षरांत वर पीओएच डोंबिवली १२/२५, खाली वापसी ०६/२७. मी मोजून पाहिलं, बरोबर १८ महिने. 'व' आणि 'प' दोघांचीही पोटं जागेवर आहेत.