तळ्यात, मळ्यात, पार्कात

जुन्या गाडीच्या गिअरचा दांडा अडाणी होता, पण प्रामाणिक. जिथे सरकवला तिथेच राहायचा. अंधारात, घाईत, शेजारच्या सीटशी भांडण चालू असतानाही गाडी कशात आहे ते हाताला कळायचं.

हा प्रामाणिकपणा अमेरिकेतल्या काही अभियंत्यांना जुनाट वाटला असावा. क्रायस्लर 300, डॉज चार्जर आणि 2014-15ची जीप ग्रँड चेरोकी यांत इलेक्ट्रॉनिक दांडा आला. पुढे ढकला, मागे ओढा, हात सोडला की स्वारी पुन्हा मधोमध! कचेरीतल्या मुरलेल्या साहेबासारखी. अर्ज मंजूर झाला की फेटाळला, चेहऱ्यावरून काही समजायचं नाही. 'पार्क' लागला की नाही, हे इवल्याशा दिव्याच्या अक्षरावरून ओळखायचं. लहानपणी तळ्यात-मळ्यात चुकलं की आपण बाजूला जाऊन बसायचो. इथे खेळते दोन टनांची गाडी, आणि बाद होतो तो उतरलेला माणूस.

गंमत म्हणजे दांडा मोडत नव्हता. जसा घडवला तसाच चालत होता. बिघाड शून्य, अपघात मात्र शेकड्यांनी. एप्रिल 2016मध्ये या गाड्यांच्या कंपनीने सुमारे 11 लाख गाड्या परत बोलावल्या. उपाय काय, तर चालक उतरू लागला की गाडीने आपणहून पार्कमध्ये जायचं. म्हणजे दांड्याचा विसरभोळेपणा सॉफ्टवेअरने निस्तरायचा.

19 जूनला 'स्टार ट्रेक'मधला 27 वर्षांचा अभिनेता अँटन येल्चिन लॉस एंजेलिसमधल्या आपल्या घराच्या उतारावर, स्वतःच्याच ग्रँड चेरोकीने खांबाशी चिरडला गेला. त्यावर विनोद होत नाही.

तशी ही परंपरा जुनी. फोर्डच्या गाड्या पार्कमधून आपसूक रिव्हर्समध्ये घसरतात अशा तक्रारी आल्या, तेव्हा 1980च्या तडजोडीत ठरलं की सुमारे 2 कोटी 30 लाख गाड्यांच्या मालकांना इशाऱ्याचं स्टिकर धाडायचं. आपण लिंबू-मिरची बांधतो, त्यांनी स्टिकर लावलं.

2021च्या टेस्ला मॉडेल एसमध्ये तर दांडाच गेला. पुढे जायचं की मागे, याचा अंदाज गाडी स्वतः बांधते. नाही पटला तर पडद्यावर बोट फिरवा. आमच्या बायकोला तीस वर्षांत माझा अंदाज आलेला नाही.

तेव्हा मंडळी, उतरण्याआधी दिव्यातलं अक्षर वाचा आणि हँडब्रेक लावा. तोही बटणाचा असेल, तर ट्रकवाल्यांसारखा एक दगड डिकीत ठेवा.