दादा, चपला आणि बँकेचा संशय

सख्ख्या मोठ्या भावाला पैसे पाठवायचे म्हटलं की माझी बँक विचारात पडते. पण ज्याचं तोंड मी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही, ज्याचं गोदाम भिवंडीत आहे की भटिंड्यात हेही मला ठाऊक नाही, अशा दुकानदाराकडून रात्री साडेअकराला चपला मागवल्या, तर हीच बँक एक ओटीपी विचारून मोकळी होते. चपला पुढे टाचेला लागतात, तो भाग वेगळा.

दादा चिपळूणजवळच्या आमच्या जुन्या घरात राहतो. पावसाआधी घर शाकारावं लागतं आणि त्या खर्चात माझा वाटा असतो. यंदा दादाने खातं दुसऱ्या बँकेत नेलं, म्हणून त्याला माझ्या नेट बँकिंगमध्ये नव्याने दाखल करणं आलं. अर्ज उघडला. नाव. अकाउंट नंबर. तोच नंबर पुन्हा. पहिला ठिपक्यांआड झाकलेला आणि दुसऱ्या रकान्यात चिकटवायला मनाई, म्हणजे चष्मा लावून एकेक आकडा बोटाने मोजत बसायचं. खातं बचत की चालू? मग आयएफएससी कोड. त्याची अकरा अक्षरं: पहिली चार बँकेची, शेवटची सहा शाखेची आणि मध्ये पाचव्या जागी शून्य. तिथे कायम शून्यच असतं. तरीही ते शून्य की इंग्रजी ओ, यावरून आमच्या घरात जेवढे वाद झाले तेवढे शाकारणीच्या खर्चावरूनही झालेले नाहीत. शेवटी टोपणनाव. हा रकाना रिकामा ठेवला तरी चालणार होता, म्हणून तोच मी सर्वांत मन लावून भरला. लहानपणी दादाला आम्ही ज्या नावाने चिडवायचो, ते नाव आता बँकेच्या सर्व्हरवर कडेकोट बंदोबस्तात आहे.

मग ओटीपी, आणि त्यानंतर सूचना: आपला लाभार्थी काही तासांनी सक्रिय होईल, आणि पहिल्या दिवशी त्याला ठरावीक रकमेपर्यंतच पैसे पाठवता येतील.

तेवढ्यात दादाचा फोन. "पाठवलेस का रे?"

"अरे दादा, तू अजून सक्रिय झाला नाहीस."

"पहाटे पाचपासून छपरावर चढून बसलोय. आणखी किती सक्रिय होऊ?"

गंमत अशी, की एवढी उलटतपासणी घेणारी ही यंत्रणा वर्षानुवर्षं त्या पहिल्या रकान्यातलं नाव वाचतच नव्हती. रिझर्व्ह बँकेने २०१०मध्येच सांगून टाकलं होतं की अशा इलेक्ट्रॉनिक व्यवहारात पैसे निव्वळ अकाउंट नंबरवर जमा होतील आणि नंबर बरोबर देणं ही पाठवणाऱ्याची जबाबदारी. म्हणजे नावाच्या जागी मी 'छत्रीवाला' लिहिलं असतं तरी नंबर बरोबर असता तर पैसे दादालाच गेले असते. आणि नाव अगदी आजोबांसकट बरोबर लिहून नंबरातला एक आकडा चुकला असता, तर ते एखाद्या अनोळखी भाग्यवंताला मिळू शकले असते. ती रक्कम त्याच्या संमतीशिवाय बँकही सहजासहजी परत आणू शकत नाही. ती फार तर त्याला विनंती करते. पैसे आपणहून चालत आले असताना अशा विनंतीला मान देणारा माणूस मिळायला पूर्वपुण्याई लागते.

३० डिसेंबर २०२४च्या परिपत्रकाने ही फट बुजवली. १ एप्रिल २०२५पर्यंत एनईएफटी आणि आरटीजीएससाठीही, पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवण्याची सोय करा, असं बँकांना सांगण्यात आलं. उत्तम झालं. फक्त आपल्याकडे माणसाचं नाव आणि माणूस यांची भेट क्वचितच होते. आळीत ज्यांना सगळे बंडूकाका म्हणतात ते कागदावर विश्वंभर निघतात. आत्याचं खातं माहेरच्या नावाने, पॅन सासरच्या, आणि आधार तिसऱ्याच स्पेलिंगने. आमच्या नाक्यावर कोथिंबीर विकणाऱ्या मावशींचा क्यूआर कोड स्कॅन केला की पडद्यावर त्यांच्या जावयाचं नाव येतं. "हेच ना?" मी विचारतो. "हो, तोच मेला," मावशी म्हणतात. यापेक्षा खात्रीलायक पडताळणी मी अजून कुठल्या बँकेत पाहिलेली नाही.

कार्डाचं घराणंच वेगळं. सोळा आकडे, मुदत, मागचा तीन आकड्यांचा सीव्हीव्ही, ओटीपी आणि संपलं. सोळा आकडे दोनदा लिहायला कुणी लावत नाही, कारण त्यातला शेवटचा आकडा पहारेकरी असतो. आधीच्या पंधरा आकड्यांवरून एक छोटंसं गणित करून तो ठरवलेला असतो. आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांना या युक्तीचं पेटंट १९६० साली मिळालं. एक आकडा चुकवून पाहा, बँकेला न विचारताच वेबसाइट तुम्हाला परत पाठवते. आपल्या अकाउंट नंबरांना अशी देशभर एकसारखी शिस्त नाही. त्यांची लांबीसुद्धा बँकेगणिक निराळी. म्हणून मग गणिताचं काम आपल्या डोळ्यांकडून, दोनदा.

पण तरीही दादावर एवढा अविश्वास का, हा प्रश्न उरलाच. तो मी काकांपुढे ठेवला. काका बँकेतून निवृत्त झाले तेव्हा लेजरं नुकतीच संगणकात गेली होती, आणि ती तिथे सुखी नाहीत असं काकांचं ठाम मत आहे.

"अरे, कार्डात दुकानदार पैसे ओढतो आणि ट्रान्सफरमध्ये तू ढकलतोस," काका म्हणाले. "ओढणाऱ्याबद्दल विचारायचं, कार्डवाल्याने तुला खरंच सांगितलंय का? ढकलणाऱ्याला विचारायचं, तू शुद्धीवर आहेस ना?"

मला ते पटलं. गणेशोत्सव मंडळाच्या पावतीवर किंवा देवस्थानाच्या फलकावर अकाउंट नंबर आणि आयएफएससी ठळक छापलेले असतात. कुठल्याही विश्वस्ताने त्याशेजारी मंडळाच्या कार्डाचे सोळा आकडे छापल्याचं ऐकिवात नाही. अकाउंट नंबर ही दानपेटीची फट आहे: टाकायला कुणीही यावं, काढायला किल्ली लागते. कार्डाच्या आकड्यांनी मात्र पैसे बाहेर येतात, आणि ते आकडे आपण चपलांपासून सिनेमाच्या तिकिटापर्यंत दहा जणांना देत सुटतो. म्हणून १ ऑगस्ट २००९पासून रिझर्व्ह बँकेने कार्डाच्या ऑनलाइन व्यवहाराला जादा पडताळणी सक्तीची केली, आणि १ ऑक्टोबर २०२२पासून ते आकडे दुकानांनी स्वतःकडे साठवून ठेवायलाही बंदी आली. शिवाय त्या दुकानाची चौकशी दुकानाच्या बँकेने आधीच केलेली असते. चपला आल्याच नाहीत तर आपली बँक त्या बँकेकडे पैसे परत मागते. भांडायला दोन बँका असल्या की गिऱ्हाईक निश्चिंत झोपू शकतं.

दादाच्या आणि माझ्या मध्ये भांडणारं कुणी नाही. आम्हीच आहोत. एकदा ढकललेले पैसे गेले, म्हणून सगळी धास्ती आधीच उरकून घ्यायची.

आणि संशय दादावर नव्हताच. तो माझ्यावर होता. माझा पासवर्ड चोरून कुणी माझ्या खात्यात शिरला, तर तो आधी स्वतःलाच लाभार्थी म्हणून जोडणार आणि मग खातं धुऊन नेणार. 'नवा लाभार्थी जोडला आहे, आपण जोडला नसल्यास तात्काळ कळवा' हा एसएमएस मी वाचून बोंब मारावी, एवढ्यासाठी ते मधले तास राखून ठेवलेले असतात. बँक दादाला जोखत नव्हती. मी खरा की तोतया, हे ठरवायला ती मला वेळ देत होती. हे समजल्यापासून मला दादापुढे जरा ओशाळं वाटतं.

आमच्याकडच्या या कडक सोवळ्याची सवय लागली की परदेशी मोकळेपणा अंगावर येतो. माझी पुतणी न्यू जर्सीत असते. तिथे तिने वहिनींसमोर फोनवरून काहीतरी मागवलं. नंबर, मुदत, सीव्हीव्ही, झालं. "ओटीपी?" वहिनींनी विचारलं. "नाही लागत गं आई." वहिनी रात्रभर जाग्या. उबरनेही २०१४ साली इथल्या भाड्याचे पैसे परदेशी बँकेमार्फत वळवून ओटीपीला बगल दिली होती. गाडीतून उतरा आणि चालू लागा. प्रवासी खूश, रिझर्व्ह बँक नाखूश. गाडी इथली, प्रवासी इथला, रुपया इथला, मग वळसा कशाला, असा ऑगस्टमध्ये आदेश निघाला आणि वर्ष संपायच्या आत उबर आपल्याच एका देशी वॉलेटच्या दारात उभी राहिली. मला स्वतःला या प्रकरणात रिझर्व्ह बँकेचीच बाजू पटते, पण गाडीतून न बोलता उतरण्याचं सुख मी नाकारणार नाही.

अर्थात सोवळं सगळीकडे सारखं नाही. ९९ रुपयांचा मोबाईल रिचार्ज ऑनलाइन करताना जे कार्ड सहा आकडी ओटीपी मागतं, तेच कार्ड लक्ष्मी रोडवरच्या साडीच्या दुकानात यंत्रावर टेकवलं तर पाच हजारांपर्यंत अवाक्षर काढत नाही, पिनसुद्धा नाही. १ जानेवारी २०२१पासून ती मर्यादा दोन हजारांवरून पाच हजारांवर गेली. समोर माणूस उभा आहे आणि कार्ड त्याच्या हातात आहे, एवढ्यावर विश्वास. ते कार्ड त्याचं आहे की बायकोचं, हा घरगुती प्रश्न मानला गेला आहे.

ओटीपी ही मुळात फार चोख कल्पना. पण आपण तिचा एवढा प्रसार केला की ती गुप्त राहिलेली नाही. टॅक्सीवाला ओटीपी मागतो, पार्सलवाला मागतो, सिलिंडरवालाही चार आकडी कोड मागतो. आणि फोन लावला की अमिताभ बच्चन कित्येक महिने कानात भामट्यांपासून सावध राहायला सांगत होते. आत्याने त्यांचं ऐकलं. सिलिंडर खांद्यावर घेऊन तिसरा मजला चढून आलेल्या माणसाला तिने कोड द्यायला साफ नकार दिला. "कोणालाही सांगायचा नाही म्हणजे नाही. बच्चन सांगतायत." तो बिचारा बच्चनपेक्षा मोठा नव्हता. सिलिंडर खाली गेला. आठवडाभर आत्याकडे इंडक्शनवर पिठलं शिजलं, पण सुरक्षेत तडजोड झाली नाही.

काकांना या सगळ्या आकड्यांवरच भरवसा नाही. "तू आहेस हे सिद्ध झालं, पण तुझ्यामागे कोण उभा आहे ते कोण बघणार?" ते विचारतात, आणि इथे मला त्यांच्याशी वाद घालता येत नाही. पोलिसी गणवेशातला भामटा व्हिडिओ कॉलवर म्हाताऱ्या माणसाला 'डिजिटल अटक' करून बसवतो, तेव्हा पासवर्ड खरा असतो, ओटीपी खरा असतो, माणूसही खरा असतो. खोटी असते ती फक्त भीती, आणि ती टिपणारा रकाना अर्जात नाही. काकांच्या काळात तो रकाना काउंटरवर बसलेला असायचा. एफडी मोडायला आलेल्या माणसाचा चेहरा बघून तो विचारायचा, "एवढे कशाला काढताय? घरी विचारलंत का?" आजही एखाद्या शाखेतल्या कर्मचाऱ्याने असा खोचक प्रश्न विचारून कुणाची आयुष्याची पुंजी वाचवल्याची बातमी अधूनमधून येते. मात्र काकांनी उरलेली अर्धी हकिगत सांगितली नाही, ती मी सांगतो. सकाळी कुणी एफडी मोडली हे संध्याकाळी सगळ्या आळीला ठाऊक असायचं. आमच्या एका शेजाऱ्याच्या मुलीचं लग्न ठरल्याची बातमी मुलीच्या आधी पासिंग ऑफिसरला होती.

आता तो भोचकपणा यंत्राला शिकवायचं ठरलं आहे. सप्टेंबर २०२५च्या निर्देशांत रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२६ ही तारीख दिली. एसएमएसच्या ओटीपीपलीकडचे मार्गही वापरा, आणि व्यवहार गिऱ्हाइकाच्या नेहमीच्या वागण्याशी जुळत नसेल तर आणखी खोलात जा. कुठून, केव्हा, कुठल्या फोनवरून, हे सगळं पाहायचं. काही बँका हे आधीपासून करतच होत्या. आत्याच्या बँकेने केलं. महिन्याला वीजबिल, फोनबिल आणि दिवाळीत एक साडी, यापलीकडे आत्याचं कार्ड गेलेलं नाही. एका रात्री पावणेबाराला तिने नर्मदा परिक्रमेचं आरक्षण केलं, एकदम चौघींचं. बँकेने व्यवहार अडवला आणि सकाळी खात्री करून घ्यायला खरोखरीच्या माणसाचा, खरोखरीचा फोन आला.

"मॅडम, काल रात्रीचा व्यवहार आपणच केला होता ना?"

"ते मी मग सांगेन," आत्या म्हणाली. "तुम्ही बँकेतलेच कशावरून? आधी तुमचा ओटीपी सांगा."

त्याच्याकडे तो नव्हता. आत्याने फोन ठेवला.