आयेच्या पत्रिकेचा मजकूर

मिसिसागा, कॅनडा
एप्रिल 2026

प्रिय दादा,

आयेच्या वर्षाच्या मिस्सेसाठी छापायच्या पत्रिकेचा मजकूर मिळाला. 'शांत, सोशिक, मितभाषी आणि धर्मपरायण माउली' असं तू लिहिलंयस. धर्मपरायण राहू दे. बाकीचं वाचून मला वाटलं, छापखान्यानं चुकून शेजारच्या कुणाची पत्रिका धाडली.

अरे, मितभाषी? रोझरी चालू असताना अंगणात कोंबडी शिरली, तर 'नमो मारिया' अर्ध्यावर थांबवून ती आधी कोंबडीला, मग कोंबडीच्या मालकिणीला, शेवटी मालकिणीच्या माहेराला ऐकवायची आणि सोडलेल्या शब्दापासून प्रार्थना पुन्हा उचलायची. मणी कधी चुकला नाही. 93 वर्षांत ती शांत बसली ती फक्त फादरांच्या प्रवचनात, तेही डोळे मिटून.

तिच्या हयातीत नऊ पोप झाले. त्यातले एक तिनं स्वतः पाहिले. डिसेंबर 1964 मध्ये मुंबईत युकॅरिस्टिक काँग्रेस भरली आणि सहावे पॉल आले. भारतात आलेले ते पहिले पोप. तुला कडेवर घेऊन ती वसई रोडवरून लोकलनं ओव्हल मैदानावर गेली होती. त्या गर्दीत तिला पांढऱ्या झग्यापलीकडे काय दिसलं असेल देव जाणे, पण घरी येऊन तिनं निकाल दिला, ''माणूस देवाचा आहे, पण फार वाळलाय. रोममध्ये जेवायला घालणारं कुणी दिसत नाही.''

तोवर मिस्सा लॅटिनमध्ये होती. आयेला एका शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता आणि सगळं तोंडपाठ होतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली. फादर वेदीवर काय म्हणतात ते तिला तेव्हा कुठे कळलं. त्यावर तिचा शेरा, ''म्हणजे इतकी वर्षं बरोबरच म्हणत होते की!''

आता 'सोशिक'. टँकरवाले आपल्याकडच्या विहिरींचं पाणी उपसून नेऊ लागले, तेव्हा फादर दिब्रिटोंच्या हरित वसईच्या मोर्चात लाल लुगडं नेसून पुढे कोण होतं? एका हातात जपमाळ, दुसऱ्या हातात रिकामी कळशी. टँकरच्या ड्रायव्हरला तिनं नरकाचं जे वर्णन ऐकवलं, ते कुठल्याही धर्मग्रंथात नाही. पुढे 2020 मध्ये उस्मानाबादला फादर साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा तिनं मला मुद्दाम फोन करून सांगितलं, ''आपल्या नंदाखालचा पोरगा. मोर्चात माझ्या मागे चालायचा.''

इथे आमच्याकडे राहायला आली होती तेव्हाची गंमत तर तुला पुरती ठाऊकच नाही. लुगड्यावर माझं बर्फातलं जाकीट, पायात नातीचे बूट, अशी ती रविवारी देवळात निघायची. बर्फ वितळावा म्हणून नगरपालिका रस्त्यावर मीठ टाकते. ते पाहून मिठागरांच्या गावची ही बाई फुटपाथवर उभीच राहिली. ''एवढ्यात गावाची सुकट खारवून झाली असती!'' देवळात पुढच्या बाकावर एक पोर्तुगीज म्हातारी बसायची. दोघींना एकमेकींचं एक अक्षरही कळत नव्हतं, पण माळ एकदम सुरू व्हायची, एकदम संपायची, आणि मग मिठ्या. म्हातारी पोर्तुगीज आहे हे नातीनं सांगितलं तेव्हा आय म्हणाली, ''विचार तिला, तुमची माणसं आमच्या किल्ल्यात राहून गेली, त्याचं भाडं कोण देणार?'' 1534 ते 1739, म्हणजे 205 वर्षांचं भाडं. नातीनं ते भाषांतर केलं नाही. बरं झालं, नाहीतर चिमाजी आप्पांनी जे तलवारीनं मिटवलं ते हिनं मिसिसागात पुन्हा उकरलं असतं.

वसईला परतल्यावर तिनं व्हिडिओ कॉलवर रोझरी लावली. तुमचे संध्याकाळचे साडेसात म्हणजे उन्हाळ्यात आमचे सकाळचे दहा, नेमकी ऑफिसातली मीटिंग. मी आवाज बंद करून नुसते ओठ हलवायचो. पलीकडून हुकूम यायचा, ''ऐकू येत नाही. तिसरं रहस्य पुन्हा म्हण.'' दादा, मी हे कॅनेडियन मॅनेजरसमोर म्हटलेलं आहे. मॅनेजरला वाटलं, भारतातल्या क्लायंटचा फोन असावा. एका अर्थी होताच.

आणि तिला जुनी बाई म्हणून सोडून देऊ नकोस. निर्मळच्या जत्रेत शंकराचार्यांच्या समाधीशी हात जोडूनच ती सुकेळी घ्यायला वळायची. कुणी टोकलं, तर ''देवाच्या शेजाऱ्याला ओळख दाखवायला नको?'' एवढंच उत्तर. गेल्या मे महिन्यात चौदावे लिओ पोप झाले. ते अमेरिकेचे, शिकागोचे, हे कळताच तिनं मला फोनवर बजावलं, ''म्हणजे तुझ्या शेजारचेच. ओळख काढून ठेव, पोरीच्या लग्नाला आशीर्वाद मागवू.'' महिनाभरात ती गेली. शिकागोशी माझी ओळख अजून निघालेली नाही, पोरीनं तर लग्नाचा विषयच काढलेला नाही.

तेव्हा पत्रिकेत माझ्या मते एवढंच लिही: जन्म 1932, मृत्यू 2025, रोज मिस्सा, रोज रोझरी, कुणाचंही ऐकून घेतलं नाही. नातवंडांना ती ओळखू येईल. वहिनींना विचार, त्या माझ्याच बाजूनं मत देतील. आयेच्या तोंडचं सगळ्यात जास्त त्यांनीच ऐकलंय, आणि शेवटी तिच्या उशाशी रात्र रात्र त्याच बसल्या होत्या.

आणखी एक. आपल्या जमिनीचा एक कागद एका सरकारी कचेरीत हरवला होता. हरवलेल्या वस्तूंचं खातं संत अंतोनीकडे, म्हणून तो सापडला तर 13 जूनला 13 मेणबत्त्या लावीन असा आयेनं नवस केला होता. कागद सापडला, सणाच्या आधीच आय गेली, आणि त्या गडबडीत मेणबत्त्या राहिल्या. यंदा त्या लावून टाक, आणि चांगल्या जाड घे. अर्धे पैसे मी पाठवतो.

तुझा धाकटा