इथं झाडं लावू नका

बारामती-इंदापूरच्या माळावर फिरायला निघालो असं सांगितलं की हमखास प्रश्न येतो, "तिथं बघण्यासारखं काय आहे?"

लांडगा आहे. तरस आहे, खोकड आहे, कोल्हा आहे, चिंकारा आहे. उघड्या जमिनीवर गवताच्या आडोशानं अंडी घालणारे चंडोल आहेत. भोवत्या नावाचा शिकारी पक्षी थंडीत थेट मध्य आशियातून इथं येतो आणि रात्री गवतातच मुक्काम करतो. हे सगळं पुण्यापासून तीन तासांच्या आत आहे. वाघासाठी चंद्रपूरपर्यंत जाणाऱ्या माणसाला घराजवळचा लांडगा ठाऊक नसेल, तर दोष लांडग्याचा नाही.

पुणे वन विभागानं २०२४ मध्ये इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीला आणि बारामती तालुक्यातल्या शिर्सुफळला गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. ऑनलाइन नोंदणी, ठरलेल्या वाटा, ठरलेल्या वेळा आणि सोबत आसपासच्याच गावांतला, प्रशिक्षण घेतलेला गाइड. माळाच्या बाबतीत सरकारनं घेतलेला इतका शहाणा निर्णय मला तरी दुसरा आठवत नाही. त्यातही मोलाची गोष्ट लांडगा नव्हे, गाइड. लांडगा आधीपासून होताच. त्याच्या असण्यातून गावातल्या पोराच्या हातात चार पैसे पडण्याची सोय नव्हती, ती आता झाली.

याच २०२४ च्या पावसाळ्यात लखनौपासून सव्वाशे किलोमीटरवर, बहराइच जिल्ह्यात, लांडग्यांच्या हल्ल्यांत मुलं दगावली. गावंच्या गावं रात्रभर काठ्या घेऊन जागी होती. 'ऑपरेशन भेडिया' सुरू झालं, ड्रोन आले, पिंजरे लागले, आणि पकडता येत नसतील तर गोळ्या घाला असा आदेश लखनौहून निघाला. ज्या घरातलं लेकरू गेलं त्या घराला निसर्गाचं महत्त्व सांगायला जाऊ नये. तो आदेश का निघाला हे समजू शकतं. पण घाघरा नदीच्या पुरात लांडग्यांच्या गुहा बुडाल्याचं तेव्हा वनाधिकारीच सांगत होते. नदीकाठचा कछार हा त्यांचा मुलूख. तो आक्रसला, बुडाला, की जनावर वस्तीकडे सरकतं. पाच-सहा लांडगे पकडून तो प्रश्न मिटत नाही. तिकडच्या कछारात लांडग्याचा माग रोज काढणारा, त्याची वीण कुठं आहे हे ठाऊक असणारा आणि त्या कामाचा पगार घेणारा गावकरी असता, तर सावध व्हायला चार दिवस आधी मिळाले असते, असं मला वाटतं.

आपल्याकडे असा माणूस तयार होतो आहे. त्याच्याबरोबर पहाटे निघा. दिवाळीनंतरचे दिवस धरा, गवत पिवळं पडलेलं असतं आणि थंडी अंगाला लागते. गाइड आधी पुढं बघतच नाही, खाली बघतो. धुळीच्या वाटेवर कुत्र्यासारखा पण लांबट, सरळ रेषेत गेलेला माग दिसला की थांबतो. वाटेच्या मधोमध पडलेली विष्ठा काडीनं उलगडतो. त्यात केस असतात, हाडाचे तुकडे असतात. जुनी झालेली पांढरी पडलेली असते. रात्री कोण कुठून कुठं गेलं याचा अंदाज तो पाच मिनिटांत बांधतो. मग मान वर करून बोट दाखवतो आणि आपल्याला ढेकूळ दिसलेलं असतं तिथं त्याला दोन कान दिसतात.

लांडगा दिसला नाही म्हणून खट्टू होऊन परतणारी माणसं असतात. त्यांनी पायाखालचं एक गवत तरी बघून यावं. कुसळीच्या बीला लांब, पिळदार शेपूट असतं. दवानं ते भिजलं की पीळ सुटतो, उन्हानं वाळलं की पुन्हा बसतो. या उलटसुलट फिरण्यानं बीचं टोक मातीत शिरत जातं, आणि टोकावरचे उलटे केस त्याला मागे येऊ देत नाहीत. तळहातावर एक कुसळ ठेवून बाटलीतल्या पाण्याचा थेंब टाका, ते हातातच वळायला लागतं. मोज्यात घुसून टोचतं तेव्हाही ते हेच काम करत असतं. मोजा म्हणजे त्याला माती वाटते. बारामती-इंदापूर पट्ट्यात पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. अशा ठिकाणी स्वतःचं बी स्वतः पेरणारं गवत हजारो वर्षं टिकून आहे. पवना, शेडा, मारवेल, डोंगरी ही त्याची भावंडं. मेंढपाळाला ती नावानिशी ठाऊक आहेत, शाळेतल्या पुस्तकाला नाहीत.

"पण पूर्वी इथं घनदाट जंगल होतं ना?" हा दुसरा हमखास प्रश्न, आणि तो पहिल्यापेक्षा घातक आहे. जंगल होतं, माणसानं तोडलं, म्हणून माळ झाला, म्हणून आता झाडं लावून पापक्षालन करायचं, अशी ही साखळी आहे. तिची पहिलीच कडी खोटी आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी २०२५ मध्ये 'पीपल अँड नेचर' या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी पुरावा शोधला तो आपल्या मराठीत: जुने ग्रंथ, चरित्रं, देवस्थानांच्या कथा, मेंढपाळांची मौखिक परंपरा. साडेसातशे वर्षांपर्यंत मागे जाऊन त्यांनी त्यातल्या रानवनस्पती वेचल्या. ४४ निघाल्या. त्यांतल्या २७ खास माळरानाच्या, उघड्या गवताळ मुलखाच्या. दाट जंगलाच्या फक्त ३. सोळाव्या शतकातल्या 'आदिपर्व' या ग्रंथात नीरेच्या खोऱ्यात गुरांसाठी गवत मुबलक म्हणून आलेले पशुपालक भेटतात, आणि तो मुलूख काटेरी, निर्मनुष्य रानाचा आहे. इंग्रज यायच्या कितीतरी आधीचं हे वर्णन आहे. हिवर, तरवड, बोर आणि मधे गवतच गवत: आज शिर्सुफळला जे दिसतं तेच. ज्या भाषेतल्या कथांनी माळाची साक्ष इतकी जपून ठेवली, त्याच भाषेत आपण त्याला 'उजाड' म्हणतो. याचा मला मनापासून राग येतो.

महसूल खात्यानं तर कधीच निकाल लावून टाकला. नांगर चालत नाही, सारा येत नाही, म्हणजे जमीन पडीक. सातबाऱ्यावर पोटखराबा, नाहीतर गायरान. देशाच्या पडीक जमिनींचा सरकारी नकाशासंग्रह २०१९ साली निघाला, त्यात भारताच्या जवळपास १७ टक्के भूभाग या सदरात घातला आहे. त्यात गवताळ माळ आहेत, झुडपी रानं आहेत, चंबळच्या बेहडांसारख्या घळीही आहेत. २०२२ मध्ये एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक यांनी या उघड्या नैसर्गिक परिसंस्थांचा वेगळा नकाशा केला. देशाचा किमान दहावा हिस्सा भरला आणि त्यातला पाच टक्केही संरक्षित नाही असं दिसलं. आपल्या पट्ट्यात काळविटांसाठी रेहेकुरी अभयारण्य आहे, जेमतेम दोन चौरस किलोमीटर. चिंकाऱ्यांसाठी सुप्याचं मयूरेश्वर आहे, पाच चौरस किलोमीटर. लांडग्याला एका रात्रीत पायाखाली घालायला एवढं पुरत नाही.

पडीक म्हटलं की तिथं काहीही करता येतं. एमआयडीसी येते, प्लॉटिंग होतं, आणि काहीच नाही आलं तर झाडं येतात. २०१६ साली महाराष्ट्रानं दोन कोटी रोपं लावायचं ठरवलं. पुढच्या वर्षी चार कोटी, मग तेरा, आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी. २० जुलै २०२४ ला उत्तर प्रदेशनं एका दिवसात छत्तीस कोटींवर रोपं लावल्याचं जाहीर केलं. एवढ्या रोपांना जागा लागते, आणि मोकळी दिसणारी जागा म्हणजे माळ. मग जेसीबी येतो, सलग समतल चर खणतो, शतकांनी जमलेली वीतभर माती उलथतो आणि तिच्यात गिरिपुष्प, सुबाभूळ खोचली जाते. जगली तर सावलीनं गवत मारतात. मेली तर चर तेवढे उरतात. चिंकारा नजरेच्या जोरावर जगतो; लांबवर दिसणं हाच त्याचा किल्ला. तिथं झाडांची भिंत उभी केली की तो निघून जातो. आणि कार्बनचं म्हणाल, तर गवत तो मुळांत, मातीखाली साठवतं. तो वणव्यात जळत नाही आणि कुणाला तोडून नेता येत नाही. पावसाळ्यात कंपनीचे टी-शर्ट घालून माळावर खड्डे खणायला येणाऱ्या मंडळींना हात जोडून सांगतो: तुमचा हेतू चांगला आहे, जागा चुकली आहे. रोपं शहरातल्या रस्त्यांच्या कडेला लावा, तिथं झाडं तोडलेली आहेत.

नुसतं अभयारण्य जाहीर करूनही भागत नाही. सोलापूरजवळ नान्नजला काय झालं ते आठवा. १९७२ च्या सुमारास बी. एस. कुलकर्णी यांनी तिथल्या माळढोक पक्ष्यांकडे सगळ्यांचं लक्ष वेधलं. १९७९ मध्ये अभयारण्य झालं, सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं. एवढ्या रेघेत गावं, शेतं, रस्ते सगळं आलं, लोकांना जमीन विकणं-घेणं मुश्कील झालं आणि पक्षी त्यांना वैरी वाटू लागला. पुढे क्षेत्र सव्वाबाराशे चौरस किलोमीटरवर आणलं, तोवर उशीर झाला होता. नकाशावर रेघ मोठी होती, पण रेघेच्या आतल्या माणसाला माळढोकाचा काही उपयोग नव्हता. कडबनवाडीत नेमकं तेच उलटं करून बघितलं जातंय, म्हणून तिथं जायचं.

आणि माळ बघायला एक दिवस काढलाच आहे तर दुसरा दिवस निघोजला द्या. पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर शिरूरहून आत वळायचं. एका काठाला पारनेर तालुक्यातलं निघोज, दुसऱ्या काठाला शिरूर तालुक्यातलं टाकळी हाजी, मधे कुकडी. वर सपाट, कोरडं, पिवळं रान, आणि एकदम पाय थबकतात, कारण समोर काळ्या कातळात नदीनं अरुंद, खोल घळ कापलेली असते. घळीच्या भिंतींवर आणि तळाला रांजणखळगे: गोल, गुळगुळीत, काही ओंजळीएवढे, काही माणूस आत उभा राहील एवढे. एखाद्या कोरड्या खळग्यात हात घाला, तळाशी गोल गोटे लागतील. तीच हत्यारं. पुराच्या भोवऱ्यात गोटा एका जागी गरगरतो, कातळ घासत खाली जातो आणि स्वतःही झिजतो. तो संपला की पुढचा पूर नवा आणून टाकतो.

माळ आणि घळ या दोन वेगळ्या सहली नव्हेत. दोन्हींच्या खाली सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा तोच बेसॉल्ट आहे. कातळावर माती पातळ, म्हणून वर मोठं झाड धरत नाही, गवत धरतं. त्याच कातळाला नदीनं चीर दिली की घळ. हे निघोजला उभं राहून कुणी समजावून सांगितलं तर शाळेच्या सहलीला आलेलं पोरगं जन्मभर विसरणार नाही. पण बहुतेक माणसं मळगंगा देवीचं दर्शन घेतात, काठावर फोटो काढतात, वेफरची पिशवी खळग्यात टाकतात आणि निघतात. शेवाळलेल्या कातळावर कडेपर्यंत जाणाऱ्याला अडवणारंही कुणी नसतं. निघोज आणि टाकळी हाजीच्या पोरांना कडबनवाडीसारखं प्रशिक्षण द्या, ठरलेली फी लावा. कचरा आपोआप कमी होईल, कारण स्वतःच्या रोजगारात कुणी कुणाला वेफरची पिशवी टाकू देत नाही.

सफारीतही सगळं आलबेल आहे असं समजू नका. लांडग्याच्या विणीच्या दिवसांत वाट सोडून गाडी घालणारे फोटोवाले असतात; गाइडनं नाही म्हटलं तर त्यालाच चार नोटा दाखवतात. त्या नोटा घेतल्या तर गाइड गेला, आणि नाही घेतल्या तर पुढच्या वेळी त्याला टाळतात. अशा वेळी वन विभागानं गाइडच्या बाजूनं उभं राहायचं आणि त्या गाडीला पुन्हा प्रवेश द्यायचा नाही. गाडीची वाट कमी करून पायवाटा वाढवल्या तर आणखी बरं. माळ पायी चालण्याच्या वेगानंच कळतो; जीपमधून कुसळ दिसत नाही.

दुसरं संकट भुंकतं. गावाबाहेरच्या कचऱ्यावर पोसलेली कुत्री माळावर टोळीनं फिरतात, चिंकाऱ्याची पाडसं फाडतात, रोग देतात. पुण्याच्या परिसरात लांडगा आणि कुत्र्याचा संकर झाल्याचं २०२३ मध्ये जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं. तो वाढत गेला तर लांडगा गोळी न घालताही संपेल. ग्रामपंचायतीनं कचरा आवरणं आणि कुत्र्यांची नसबंदी, लसीकरण करणं हे लांडगा वाचवण्याचंच काम आहे. सफारीच्या पैशातला वाटा त्यासाठी ठेवला पाहिजे.

आणि धनगरांना विसरून चालणार नाही. लांडगा कोकरू नेतो ते त्यांचं. भरपाईचा कागद रंगवायला पंचनामा लागतो, आणि रोज मुक्काम हलवणाऱ्या वाड्याला पंचनाम्यासाठी थांबून परवडत नाही. तरीही 'त्याचा वाटा त्यानं नेला' म्हणून पुढे चालणारे मेंढपाळ आजही भेटतात. त्यांच्या या सोसण्यावर आपली सफारी चालते. म्हणून गाइडांच्या पुढच्या तुकडीत धनगरांच्या पोरापोरींना आधी घ्या, आणि भरपाई वाडा जिथं असेल तिथं पोचवा. लांडगा रात्री कुठून गेला हे त्यांना उजाडायच्या आत कळलेलं असतं, कारण त्यांची मेंढरं त्याच माळावर बसलेली असतात. त्या माहितीचे पैसे त्यांना मिळायला हवेत, आणि ते याच हिवाळ्यापासून.