पन्नास विधानं, एकच रकाना

वैद्यकीय महाविद्यालयातलं वातावरण मोजायची पट्टी स्कॉटलंडमधल्या डंडी इथे घडली. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रश्नावलीचं नाव ‘ड्रीम’. पन्नास विधानं, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण दोनशे.

त्यातली नऊ विधानं उलटी. शिक्षक विद्यार्थ्यांची टिंगल करतात, वर्गात चिडतात, वगैरे. तिथे ‘पूर्ण सहमत’ला शून्य. न वाचता खुणा करणारा पकडला जावा, हा अशा विधानांमागचा नेहमीचा हेतू.

आता रात्रपाळी उरकून आलेला विद्यार्थी घ्या. ‘पूर्ण सहमत’च्या रकान्यात वरपासून खालपर्यंत टिका ठोकून तो चहाला पळतो. बेरीज १६४. दीडशेच्या वर गेलं की वातावरण ‘उत्कृष्ट’! टिंगल होते हे त्याला मान्य, आणि महाविद्यालयही झकास.

तिकडे प्रश्नावली दुसऱ्या भाषेत आणणाऱ्या संशोधकांची लगबग वेगळीच. भाषांतर, उलट भाषांतर, तज्ज्ञांची समिती, घटक विश्लेषण. शेवटी विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, क्रॉनबाख यांचा १९५१ सालचा अल्फा. तो ०.७ ओलांडून गेला की पेढे. नाहीच गेला, तर तोच प्रश्न शब्द फिरवून आणखी दोनदा विचारायचा. अल्फा निमूट वर सरकतो.

प्रश्नावली प्रमाणित होते. पुढची तुकडी ती भरते, परीक्षेच्या आदल्या दिवशी, हजेरीच्या कागदासोबत, टिंगल करणाऱ्या सरांच्याच देखरेखीखाली.