किक मारा, बोलेरो मिळवा

सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. 2021 मध्ये तिथल्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून जीप उभी केली. इंजिन दुचाकीचं, चाकं रिक्षाची, तोंड जीपचं. सुरू करायला गाडीच्या बगलेत चक्क किक. खर्च साठेक हजार. पोराचा हट्ट पुरवला आणि गाव फिरवलं. काही ठिकाणी अभियांत्रिकीच्या एका सत्राची फीसुद्धा यात भागत नाही.

या जीपचा व्हिडिओ बोलेरो बनवणाऱ्या महिंद्रा कंपनीच्या आनंद महिंद्रांपर्यंत गेला. त्यांनी मनापासून दाद दिली आणि सोबत बजावलंही, की गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या अडवतील. ते खरंच. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ गाडीत फेरफार करू देत नाही. इथे तर मूळ गाडी कोणती, यावरच कलम किक मारत बसेल! गाडीला आईबाप चार असले तरी चालतील, आरसी बुकात रकाना एकच.

जानेवारी 2022 मध्ये तोडगा निघाला: लोहारांना नवी बोलेरो, आणि त्यांची जीप कंपनीच्या संग्रहात, तमिळनाडूतल्या चेंगलपट्टूजवळच्या संशोधन केंद्रासाठी. म्हणजे रस्त्यावर जी बेकायदा, तीच काचेआड प्रेरणादायी. स्वतः गाडी बनवण्याची हिंमत दाखवलीत, बक्षीस काय? आता पुन्हा बनवायला नको, ही घ्या तयार.

आत्मनिर्भरतेला आपला पूर्ण पाठिंबा आहे. फक्त ती शोरूममधून यावी.