कुंपण कुणाला?

इंग्लंडला लेकीकडे जाऊन आलेला मराठी माणूस पूर्वी दोनच गोष्टी सांगायचा. पाऊस फार आणि शिस्त फार. हल्ली तिसरीची भर पडली आहे. नेचर रिझर्व्ह.

नॉरफोकमधलं क्ले मार्शेस घ्या. चारशेवर एकरांची पाणथळ जमीन 1926 साली विकत घेऊन पाखरांसाठी राखून ठेवलेली. लाकडी खोपटात बसायचं, फटीतून दुर्बीण लावायची, बोलायचंच तर कुजबुजायचं. जो गृहस्थ नाटकाच्या तिसऱ्या रांगेत फोनवर बोलतो, तो तिथे शिंकसुद्धा दाबून बसतो.

तोच गृहस्थ डहाणूजवळच्या नरपडच्या किनाऱ्यावर येतो तेव्हा?

आधी स्पीकर उतरतो, मग गृहस्थ. गाडी थेट वाळूत. भरती चढते, चाकं रुततात आणि ट्रॅक्टरसाठी गावभर धावाधाव. सुरूच्या बनात बाटल्या मागे राहतात. ओहोटीच्या चिखलात चरणारे हिवाळी पाहुणे पहिल्याच गाण्याला उडालेले असतात. निघताना शेरा ठरलेला, ‘इथे बघण्यासारखं काही नाही.’

बरोबरच आहे. तिकीट कुठे होतं?

तिकीट नाही, पण कागद आहे. जून 1991 मध्ये केंद्र सरकारनं अख्खा डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला. उद्योगांना जास्तीत जास्त पाचशे एकर. म्हणजे बघा, क्लेमध्ये पाखरांना चारशे एकर, बाकी सगळं माणसांचं. डहाणूत कारखान्यांना पाचशे एकर, बाकी चिकूच्या वाड्या, मासळी आणि वारल्यांचं रान. कुंपण कारखान्याला! ही अक्कल गोऱ्यांना सुचली असती, तर आपण ती बघायला व्हिसाच्या रांगेत उभे राहिलो असतो.

कागद कपाटात पडून राहू नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून 1996 मध्ये प्राधिकरण आलं. अध्यक्ष न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. तेव्हा तालुक्यातल्याच वाढवणला बंदर बांधायला कोण निघालं होतं? पी अँड ओ. मूळची ब्रिटिश जहाज कंपनी.

घरी पाणथळ राखायची, बाहेर बुजवायची.

1998 मध्ये प्राधिकरणानं ‘नाही’ म्हटलं. आणि ते ‘नाही’ टिकलंही! आपल्याकडे एवढं पुष्कळ झालं.

धर्माधिकारी जानेवारी 2019 मध्ये गेले. 2020 मध्ये केंद्राच्या लक्षात आलं की बंदर हा उद्योगच नव्हे. जुलै 2023 मध्ये त्याच प्राधिकरणानं अटी घालून ‘हो’ म्हटलं. ऑगस्ट 2024 मध्ये पालघरला पायाभरणी. खर्च 76 हजार कोटींच्या घरात. समुद्रात भराव चौदाशे हेक्टरांहून जास्त.

आणि ती पाचशे एकरांची मर्यादा?

ती उद्योगांना होती हो.

वाढवणचे मच्छीमार वर्षानुवर्षं काळे झेंडे घेऊन उभे आहेत. नरपडला रविवार काढून परतणाऱ्याला ते दिसत नाहीत. तो बोरिवलीपर्यंत सेल्फी निवडत असतो.

डहाणूत वनखात्याच्या आवारात जखमी समुद्री कासवांवर उपचार होतात. पावसाळ्यात कासवं किनाऱ्याला लागतात. कुणाच्या वल्ह्यासारख्या पायाला जाळ्याची दोरी आवळलेली, कुणाचा पायच तुटलेला. बरी झाली की पुन्हा समुद्रात. कुठल्या समुद्रात, हे मात्र आता नकाशा बघून ठरवावं लागेल.

इंग्रजांचं फार कौतुकही नको. सफोकमधलं मिन्समेअर हे त्यांचं लाडकं पक्षीस्थळ. त्याच्या कुंपणाला लागून साइजवेलचा अणुवीज प्रकल्प आणि आता तिथेच आणखी एकाचं बांधकाम. आपल्या डहाणूच्या दक्षिणेला 1969 पासून तारापूर आहेच.

इतकं सगळं सारखं असताना विमानाचे पैसे कशाला घालवता?